खळग्याचं नाव

१

रविवारी चर्च सुटल्यावर पाद्री ओव्हरबेक यांनी आगीच्या बंबाच्या शेडचं दार उघडलं. त्यांच्या हातात पाण्याची बादली होती आणि मागून येणाऱ्या कोनराड ब्युल्टेच्या हातात फडकी. दोघंही उंबऱ्यातच थबकले. जे काम करायला ते आले होते, ते कुणीतरी आधीच उरकून ठेवलं होतं.

सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली ओकची तुळई शुक्रवारी पांढरीफटक होती. जवळजवळ दीडशे वर्षं ती झीकमानांच्या घराच्या मोठ्या दारावर होती. चुना मारून मारून तिच्यावर कोरलेली अक्षरं पार बुजून गेली होती. उजव्या टोकाला साल तेवढं दिसत होतं, १८१२. वेल्सट्रुप गावात याहून जुनी तुळई कुणाकडे नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी, गावाला सातशे वर्षं झाल्याच्या मिरवणुकीत, ती पहिल्या गाडीवर चढवायची होती.

आज तिच्यावर चुन्याचा ठिपकासुद्धा नव्हता. उजव्या अर्ध्या भागातलं अक्षर न् अक्षर लख्ख उठून दिसत होतं. डावा अर्धा भाग मात्र कोरा होता. रंधा मारून मारून कुणीतरी तो सपाट केला होता. खाली छिलप्यांचा ढीग पडला होता.

"अरे देवा," पाद्री म्हणाले. त्यांनी बादली खाली ठेवली, ती हिंदकळून त्यांचा बूट भिजला.

कोनराडने चाळीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात काढली होती. आधी लिहून घ्यायचं, मग बोलायचं, ही त्याची सवय. त्याने वही काढली आणि उरलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला: '...आणि इल्झाबाइन झीकमान यांनी देवाच्या कृपेने हे घर बांधले. सन १८१२.'

"बाईचं नाव राहिलंय," पाद्री म्हणाले. "नवऱ्याचं गेलं."

कोनराड वाकला. रंधा लाकडाच्या रेघांच्या उलट चालवला होता, जागोजागी धसकटं निघाली होती. मग त्याने उजव्या बाजूच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट तेलकट झालं. त्याने ते नाकाशी नेलं. वास ओळखीचा होता, अगदी गेल्या काही दिवसांतला, पण कुठला ते आठवेना.

"काल दुपारी झालंय हे," तो म्हणाला. "सगळं गाव नेमबाज मंडळाच्या तालमीला मैदानावर होतं. किल्ली कुठे असते?"

"दाराशेजारच्या खिळ्याला. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." पाद्री घोडीखाली वाकले आणि रंधा हातात घेऊन उठले. त्याच्या मुठीवर दोन अक्षरं जाळून उमटवलेली होती. पाद्रींचा चेहरा उतरला.

"डीट्रिश झीकमानचा आहे," ते म्हणाले. "आता उद्याच्या बैठकीत काय होणार ते देवच जाणे."

२

"माझाच आहे!" डीट्रिश सुतार गरजला. "शुक्रवारी त्या घोड्या कुणी ठोकल्या? तुझ्या आजोबाने? पेटी तिथेच राहिली माझी. आणि मी माझ्या पणजोबाचं नाव तासून काढीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, कोनराड?"

"पणजोबाचं नाव काय होतं?"

"एर्न्स्ट. आमच्यात थोरल्याला पणजोबाचंच नाव. १८१२ सालचं घर पणजोबा एर्न्स्टने बांधलं. माझ्या दादाला त्याचंच नाव दिलं होतं." डीट्रिशने वाटीतलं शेवटचं सूप पावाने पुसून घेतलं. "आता ज्याने खोडलं त्याचं नाव मी सांगू? गुस्टाव हेलवेग."

या दोघांचं पोटदुखणं गावाला नवं नव्हतं.

थोरला एर्न्स्ट १९१७ साली फ्लँडर्सच्या आघाडीवर मेला. मागे तरणी विधवा राहिली, इल्झाबाइन. सगळे तिला इल्झे म्हणत. शेत तिच्या हातात आलं. दोन वर्षांनी धाकट्या दिराने, याच डीट्रिशने, तिला मागणी घातली. ती नाही म्हणाली, आणि वर्षाच्या आत लढाईवरून परतलेल्या कुठल्याशा गुस्टाव हेलवेगशी लग्न करून मोकळी झाली. वहिनी गेली, शेत गेलं, डीट्रिशच्या हाती सुतारकी राहिली. अडतीस वर्षं तो त्या शेताच्या कुंपणाशी उभा राहून गुस्टावचा गहू इतका चांगला कसा, हे बघत आला होता.

इल्झे गेल्या मार्चमध्ये वारली. झीकमानांच्या कबरीत तिला ठेवलं. तिच्या शेजारी एकच जागा उरली होती. ती गुस्टावला मिळू नये, असा अर्ज डीट्रिशने चर्चच्या मंडळाकडे दिला होता. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला त्याचा निकाल होता.

"त्या दगडाखाली झीकमानांचं रक्त झोपतं," डीट्रिश म्हणाला. "तो बाहेरचा. दहाव्या गावावरून आलेला. गाव त्याला झीकमान म्हणतं म्हणून तो झीकमान होतो का?"

"आपल्याकडे पूर्वी तसंच होतं, डीट्रिश. ज्या शेतावर नांदायला जाल त्या शेताचं नाव तुमचं. जन्माचं नाव मागे ठेवायचं."

"पूर्वी! आता कायदा आहे. कागदावर तो हेलवेगच आहे. आणि आमच्या घरात घरजावई कधी शिरलाच नाही. चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे. तुळईवर तेच निघालं असतं, उद्या मंडळाला मी तेच दाखवणार होतो. आता कळलं कुणाला ती खुपत होती?" त्याने कोनराडच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बोट केलं. "आणि हे काय?"

उत्सवासाठी प्रत्येक शेताच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागायची होती. नावांचे अर्थ कोनराड लिहीत होता. एकतीस पाट्या लिहून झाल्या होत्या. त्याने वाचून दाखवलं: "झीक म्हणजे दोन चढांमधला उथळ, पाणथळ खळगा. त्याच्या काठी राहणारा तो झीकमान."

"बस्स? चारशे वर्षांच्या घराण्याचा तू बेडूक करून टाकलास!"

"मी नाही केला. नकाशात खळगा आधीपासून आहे."

डीट्रिशने दार उघडून धरलं. "गुस्टावकडे जा. आणि त्याला विचार, काल दुपारी मैदानावर त्याची खुर्ची रिकामी का होती."

३

गुस्टाव घरी नव्हता. तो कुठे असेल हे विचारायची गरज कोनराडला पडली नाही. बायको गेलेला माणूस रविवारी दुपारी कुठे असतो, हे त्याला तीन वर्षांपासून चांगलं माहीत होतं. तो आधी आपल्या हेडविगच्या कबरीवर गेला, सुकलेली अॅस्टरची फुलं काढली, पाणी घातलं, आणि मग दोन रांगा ओलांडून झीकमानांच्या दगडाशी आला.

गुस्टाव बाकावर बसला होता. मोठ्या काळ्या दगडावर सगळ्यांत खाली कोरलं होतं: एर्न्स्ट झीकमान, १८८८ ते १९१७. त्या नावाखाली माती होती, पण एर्न्स्ट नव्हता. तो फ्लँडर्सच्या चिखलात कुठेतरी होता. इल्झेचं नाव अजून दगडावर आलं नव्हतं. बैठक होईपर्यंत तिच्या डोक्याशी लाकडी क्रूसच होता. त्यावरचं तिचं नाव ओलं असल्यासारखं चमकत होतं.

"बस," गुस्टाव म्हणाला. "तुळईचं विचारायला आलास ना? इथे बातमी माझ्याआधी येऊन बसते."

"काल दुपारी कुठे होतास?"

"इथेच. ढोल-ताशे मला सहन होत नाहीत आता."

"कुणी पाहिलं तुला?"

"हिने." त्याने क्रूसाकडे मान हलवली. मग कोरडं हसला. "साक्षीला येणार नाही ती."

कोनराड त्याच्या हातांकडे पाहत होता. उजव्या तळव्याला अंगठ्याखाली ताजा फोड आला होता. पण हा बटाटे काढायचा हंगाम. गावात निम्म्या लोकांच्या हाताला फोड होते, खुद्द कोनराडच्याही.

"तुला ती जागा हवीच आहे का, गुस्टाव? तुझ्या आई-वडिलांची कबर आहे ना तिकडे, तुझ्या गावी?"

गुस्टावने क्रूसाजवळचं वाळलं पान उचललं. "अडतीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला झोपलो," तो म्हणाला. "आता म्हणे दहा किलोमीटरवर जाऊन झोप. आणि हा," त्याने दगडाकडे बोट केलं, "हा इथे नाहीच, तरी तिच्या शेजारी. तुला सांगू? न मेलेल्या माणसाशी भांडता येतं. मेलेला म्हातारा होत नाही, घोरत नाही, त्याच्या तंबाखूचा वास येत नाही. तो आपला कायम एकोणतीस वर्षांचा."

"ती कधी बोलायची त्याच्याबद्दल?"

"कधीच नाही. तेच तर." तो उठला. "लोक मला हाक मारतात ना, 'ए झीकमान!' म्हणून, तेव्हा अजून वाटतं, मागे तोच उभा आहे आणि हाक त्याला आहे."

कोनराड फाटकाशी पोचला तेव्हा गुस्टावने मागून विचारलं, "कोनराड, त्या रंधलेल्या भागात काय लिहिलं होतं, ते शोधता येतं का रे?"

जो प्रश्न निरपराध माणूस विचारील, तोच अपराधीही विचारील. कोनराड वाटभर त्याचाच विचार करत होता.

४

"या, या, मोजणीसाहेब! संशयितांच्या यादीत माझा नंबर कितवा?" मथिल्डे ब्रिंकमानने दारातच विचारलं. टेकडीवरचं ब्रिंकमानांचं शेत ती एकटीने चालवत असे. तव्यावर पिकर्ट, बटाट्याचं जाडजूड धिरडं, चुरचुरत होतं, टेबलावर बीटाचा पाक होता.

"तिसरा," कोनराड खरं ते बोलला.

"तिसरा! इथेही झीकमान पहिले आणि मी मागे." तिने पिकर्टचा चतकोर त्याच्या ताटात आपटला. "जळते मी त्यांच्यावर, लपवत नाही. वरती टेकडी आमची, ऊन आमचं, खाली डबक्यात ते, आणि मिरवणुकीत मात्र पहिले. का, तर आमच्याहून सात वर्षं जुनं लाकूड. माझी बघितलीत ना?"

बघितली होती. येताना तिच्या दारावरची तुळई त्याने सवयीने वाचली होती, वहीत उतरवलीही होती: 'हर्मान ब्रिंकमान आणि सोफी ब्रिंकमान, जन्माची टोले, यांनी हे घर बांधले. सन १८१९.'

"तालमीच्या वेळी कुठे होतात?"

"मैदानावर. केकच्या टेबलामागे. शंभर लोकांनी खाल्लाय माझ्या हातचा केक, त्यातले ऐंशी खोटं बोलत नाहीत." ती समोर बसली. "माझ्या मते तुमच्या डीट्रिशनेच केलं. त्याचा ताठा ठाऊक आहे ना? 'आमच्यात घरजावई शिरलाच नाही!' चुन्याखालून 'जन्माचा अमुक-तमुक' निघालं असतं तर? नाक कापलं असतं भर गावात. आमच्या भागात पुरुषांनाही माहेर असतं हो, फक्त ते सांगायला लाजतात."

"चर्चच्या जुन्या वहीत सापडेल ना, एर्न्स्ट कुठला ते?"

"ती १८४७ च्या आगीत जळाली. त्या लाकडाशिवाय पुरावाच नाही. म्हणून तर रंधला." मथिल्डेने पाकाची बरणी पुढे सरकवली. "बिचारा गुस्टाव. दर शनिवारी बघते मी त्याला टेकडीवरून. हातात बाटली घेऊन कबरस्तानात जातो. मला वाटायचं, दारू पितो. एकदा जवळून गेले तर जवसाचं तेल. बायकोच्या क्रूसाला लावतो, नाव पावसाने फिकं पडू नये म्हणून. माझा नवरा गेला तर... असो, तो गेलाच आहे, आणि मी त्याच्या क्रूसाला काही लावलं नव्हतं."

कोनराडचा काटा ताटावरच थांबला.

"काय झालं? कच्चा राहिला का?"

"नाही, छान झालाय."

"मग पाव नको ना बरोबर? की तो अजूनही शेजारच्या गावातूनच आणता?" मथिल्डेने डोळे मिचकावले. "जीव गेला तरी तुम्ही ल्युकिंग बेकरच्या दुकानाची पायरी चढायचे नाही. चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या हेडविगने त्याची अंगठी दोन महिने घातली होती, एवढाच त्याचा गुन्हा!"

कोनराड उठला. हेडविगचं नाव दुसऱ्याच्या तोंडून त्या बेकरच्या नावाशेजारी ऐकलं की आजही त्याच्या छातीत काहीतरी टोचत असे. पण आज त्या टोचण्यातच त्याला उत्तर सापडलं.

५

सोमवारी सकाळी तो गुस्टावच्या स्वयंपाकघरात बसला होता. दोघांमध्ये कॉफी होती. कोनराडने वही उघडली आणि मिटली.

"तुळई मथिल्डेने खराब केली असती," तो म्हणाला, "तर तिने काय काढलं असतं? साल. तिचं सगळं वैर त्या १८१२ सालाशी. साल शाबूत आहे. डीट्रिशने केली असती, तर पणजोबाच्या नावाला त्याने हात लावला नसता, पुढचं 'जन्माचा अमुक' तेवढं काढलं असतं. आणि तो सुतार आहे. झोपेतही लाकडाच्या रेघांच्या उलट रंधा चालवणार नाही. ज्याने केलं त्याला पुरुषाचं नाव नको होतं. नुसतं नाव. एर्न्स्ट."

गुस्टाव कॉफीत साखर ढवळत राहिला. साखर घातलीच नव्हती.

"आणि ज्याने केलं, त्याने बाईचं नाव चिंधीने पुसलं, त्याला तेल लावलं. जवसाचं. इल्झाबाइन. या गावात दर तिसऱ्या बाईचं नाव इल्झाबाइन असायचं पूर्वी. पण तेल एकीच्याच नावाला लागतं."



"मला ओळखलंस कसं?" गुस्टावने विचारलं. "तेल काय, कुणीही लावील."

"मी चाळीस वर्षं पावासाठी तीन किलोमीटर चालतो, म्हणून."

गुस्टावने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ जरा हलले.

"मी चुना साफ करायलाच गेलो होतो, देवाशपथ," तो म्हणाला. "वाटलं, मिरवणुकीआधी मीच स्वच्छ करतो. घर तिचं होतं. उजवीकडून सुरू केलं. तिचं नाव निघालं, म्हणजे त्या जुन्या बाईचं, पण तिचंच. बाटली खिशात होती. तेल लावलं. मग डावीकडे गेलो आणि 'एर्न्स्ट' निघालं. एर्न्स्ट आणि इल्झाबाइन, शेजारी शेजारी, ओकमध्ये कोरलेले. साल मला दिसत होतं रे. दीडशे वर्षांपूर्वीची माणसं ती. पण..."

"पण?"

"मार्चमध्ये, शेवटच्या आठवड्यात, तापात तिने एकदा हाक मारली. एर्न्स्ट म्हणून. मी शेजारी होतो. मी 'ओ' दिली." त्याने पेला दूर सारला. "रंधा समोर पडला होता. पुढचं मी वाचलंच नाही. नावाच्या पुढे बरंच काही चुन्याखाली होतं, तेही सगळं तासलं."

कोनराडने डोळे मिटले. म्हणजे जो एकमेव पुरावा या माणसाच्या उपयोगी पडला असता, तो त्याने स्वतःच्याच हाताने छिलप्यात घातला होता. एर्न्स्ट बाहेरून आलेला असेल, तर डीट्रिशचं रक्तही बाहेरूनच आलेलं. पण आता ते कोण सिद्ध करणार?

"आज साडेपाचला तू स्वतः सांगायचंस," कोनराड म्हणाला. "मी सांगणार नाही."

"सांगितलं तर जागा गेली."

"न सांगता मिळाली तर तिच्या शेजारी झोप येईल तुला?"

कोनराड घरी आला आणि उगाचच वही चाळू लागला. ब्रिंकमानांची तुळई एका पानावर होती, झीकमानांची समोरच्या पानावर. त्याने दोन्ही वाचल्या. मग परत वाचल्या. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचल्या, आणि टोपी विसरूनच बाहेर पडला.

६

कोनराडच्या आग्रहावरून बैठक बंबाच्या शेडमध्ये, तुळईभोवती भरली. मंडळाचे चौघं बाकावर दाटीवाटीने बसले. डीट्रिश हाताची घडी घालून उभा होता. मथिल्डेला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी आली होती.

गुस्टाव उभा राहिला. "मी केलं," तो म्हणाला. "एर्न्स्टचं नाव बघवलं नाही. डीट्रिशच्या रंध्याने केलं, त्याच्यावर आळ आला, त्याची माफी मागतो." आणि बसला.

"लिहून घ्या!" डीट्रिश म्हणाला. "मेलेल्यावर जळणारा माणूस! आता हा माझ्या दादाच्या दगडाखाली झोपणार?"

बाकावरचे चौघं जमिनीकडे पाहू लागले. पाद्री ओव्हरबेक यांनी कोनराडकडे पाहिलं.

"डीट्रिश," कोनराड म्हणाला, "तू अशा किती तुळया कोरल्यास?"

"अठरा. का?"

"सून दुसऱ्या घरातून आली असेल, तर तिच्या नावापुढे काय कोरतोस?"

"'जन्माची अमुक.' हे काय विचारणं झालं? बापाचं नाव घातलं नाही तर तो लग्नातलं जेवण टाकून जाईल."

"आणि मुलगी त्याच घरातली असेल, तर?"

"तर काही नाही. ती जन्मापासून तेच नाव घेऊन..." डीट्रिश बोलता बोलता थांबला.

"उरलेला भाग वाच," कोनराड म्हणाला. "मोठ्याने."

डीट्रिश तुळईशी आला. अक्षरं तेलाने चमकत होती. "'आणि इल्झाबाइन झीकमान यांनी देवाच्या कृपेने...'" त्याने नावापुढून अंगठा फिरवला, 'जन्माची' कुठे दिसतं का बघत. दोन शब्दांमध्ये लाकूड सपाट होतं. तिथे कधीच काही कोरलेलं नव्हतं.

"घरातली मुलगी ती होती," कोनराड म्हणाला. "शेत तिचं, नाव तिचं. तुझा पणजोबा एर्न्स्ट नांदायला आला होता, डीट्रिश. त्याच्या नावापुढे एवढी हातभर जागा कशाने भरली होती, ते आता तूच समज."

"कुठून आला होता?" डीट्रिशने विचारलं. तो एकदम म्हातारा दिसू लागला.

"ते गुस्टावने तासलं."

"म्हणजे मी कोण?"

"डबक्याकाठचा," मथिल्डे म्हणाली. "आम्ही टेकडीवरचे, तुम्ही खळग्यातले. पाटीवर लिहिलंय की."

कुणी हसलं नाही, पण बाकावरची एक टोपी उगाच हलली.

"नाव कुणाच्याच रक्ताचं नाही," कोनराड म्हणाला. "नाव त्या खळग्याचं. तिथे पाणी साचतं, तिथे जो राबला तो झीकमान. पहिला एर्न्स्ट तसाच झाला, आणि गुस्टाव अडतीस वर्षं तिथे चर खणतोय. मोजणीत मी जाऊन पाहिलंय, पोटरीपर्यंत चिखलात."

पाद्रींनी हात वर करायला सांगितलं. चारही हात वर झाले, शेवटचा जरा सावकाश. डीट्रिशने ते मोजले. मग तो गुस्टावसमोर जाऊन उभा राहिला.

"तुझं नाव मी कोरणार," तो म्हणाला. "पाथरवटाला द्यायचं नाही. 'गुस्टाव झीकमान, जन्माचा हेलवेग.' जन्माचा हेलवेग मोठ्या अक्षरांत. आणि हे विसरू नकोस, ती मला नाही म्हणाली, याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही."

"नको करूस," गुस्टाव म्हणाला. "माझ्याआधी मेलास तर मी तुझ्यावरही जळायला लागेन."

लोक पांगले. गुस्टाव मागे राहिला. त्याने खिशातून बाटली काढली, चिंधी भिजवली आणि तुळईच्या कोऱ्या अर्ध्या भागावर फिरवू लागला. कोनराड किल्ली हातात घेऊन थांबला होता. तेल मुरू लागलं तशी लाकडात काळपट खुणा उठल्या. पटाशी जिथे खोल गेली होती, तिथे लाकडाने घाव धरून ठेवला होता. एक उभी रेघ, तीन आडव्या. मग दुसरं अक्षर, तिसरं. गुस्टावचा हात थांबला नाही. एर्न्स्ट हे नाव पुरतं वर आलं. पुढच्या जागेवर त्याने पुन्हा पुन्हा चिंधी घासली. तिथे लाकूड नुसतंच ओलं झालं, अक्षर उमटलं नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "आला असेल कुठून तरी. माझ्यासारखा." त्याने बाटलीला बूच लावलं. "आणि तू? ल्युकिंगचं दुकान साडेसहापर्यंत उघडं असतं."

कोनराडने घड्याळ पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"कुठला पाव चांगला असतो त्याच्याकडे?" त्याने विचारलं.

"राईचा. हेडविग नेहमी तोच न्यायची," गुस्टाव म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

कोनराड जागच्या जागी उभा राहिला. छातीत टोचलं. म्हणजे इतकी वर्षं, तो शेजारच्या गावाला निघाला की हेडविग ल्युकिंगकडे... मग त्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि चौकाकडे चालू लागला, जरा घाईनेच, दुकान बंद व्हायच्या आत.